लॅव्हेंडरची मेणबत्ती आणि घरातल्या बाईचा अर्धा तास

सुवासिक मेणबत्ती ही वस्तू आता केवळ बंगल्यांतील दिवाणखान्यांची राहिलेली नाही. रेल्वे स्थानकाबाहेरची दुकाने, बचत गटांची प्रदर्शने, मोबाइलवरून मागविलेले घरपोच सामान, दिवाळीच्या सुमारास कार्यालयात वाटली जाणारी भेटीची खोकी, सर्वत्र ती आढळू लागली आहे. काचेच्या लहान पेल्यात जांभळट मेण, वर जांभळ्या फुलांचे चित्र आणि खाली मजकूर : 'मनःशांती देणारी', 'ताण घालविणारी', 'गाढ झोप आणणारी'. सर्व सुवासांत लॅव्हेंडरला मागणी फार.

आमच्याकडे महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा भगिनींनी तीन प्रश्न विचारले. हिचा खरोखर काही उपयोग होतो काय? घरात लावणे धोक्याचे तर नाही? आणि संसारातले चार पैसे काढून घ्यावी अशी ही वस्तू आहे काय? प्रश्न रास्त आहेत. आम्ही जे वाचले, विचारले व पाहिले, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

मेणबत्ती आपल्या घरांना नवी नाही. भगवान बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ती आपण लावतोच. परंतु ती मेणबत्ती वंदनेची आहे आणि ही विश्रांतीची. दोहोंची गल्लत करू नये. सुवासिक मेणबत्तीने घरातील 'वाईट शक्ती' निघून जातात, 'ऊर्जा शुद्ध होते', असे काही विक्रेते सांगतात. असल्या गोष्टी आपण एका दाराने घराबाहेर घालविल्या, त्या काचेच्या पेल्यातून दुसऱ्या दाराने आत येऊ देण्याचे कारण नाही. वस्तूचा जो गुण आहे तो घ्यावा, जो नाही तो चिकटवू नये.

लॅव्हेंडर म्हणजे काय?

लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, डोंगराळ प्रदेशातील लहान झुडूप आहे. आपली तुळस आणि पुदिना ज्या कुळातील, त्याच कुळातील हे झाड. त्याच्या जांभळ्या तुऱ्यांतून वाफेच्या साहाय्याने तेल काढतात. फ्रान्समधील प्रोव्हान्स हा प्रांत लॅव्हेंडरच्या शेतांसाठी जगप्रसिद्ध आहे. बल्गेरियातही त्याचे मोठे उत्पादन होते.

आपल्या देशातही आता हे पीक घेतले जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जम्मू भागातील डोडा जिल्ह्यात भदरवाह नावाचे थंड हवेचे खोरे आहे. तेथील लहान शेतकरी पूर्वी मुख्यतः मका पिकवीत. सीएसआयआरची जम्मू येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन ही संस्था आहे. तिने 'आरआरएल-१२' हा लॅव्हेंडरचा वाण विकसित केला आणि 'अरोमा मिशन' या योजनेखाली त्याची रोपे शेतकऱ्यांना दिली. एकदा लावलेले झुडूप पुढे अनेक वर्षे फुले देते, पाणी कमी लागते, जनावरे त्याला फारसे तोंड लावीत नाहीत. मक्याच्या तुलनेत उत्पन्न वाढल्यामुळे या बदलाला 'जांभळी क्रांती' असे नाव पडले. २०२२ साली भदरवाह येथे लॅव्हेंडर महोत्सवही भरविण्यात आला. म्हणजे पेल्यावर ज्या फुलाचे चित्र असते ते आता केवळ विलायती राहिलेले नाही.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. बाजारात 'लॅव्हेंडर' या एकाच नावाखाली निरनिराळी तेले येतात. एक अस्सल लॅव्हेंडरचे. दुसरे 'लॅव्हेंडिन' नावाच्या संकरित झाडाचे. या झाडापासून तेल पुष्कळ जास्त निघते, म्हणून ते स्वस्त पडते. त्यात कापराचा अंश अधिक असल्याने वास थोडा उग्र असतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे कारखान्यात रसायने मिसळून बनविलेला सुवास, ज्याचा शेताशी काही संबंध नसतो. तीन वस्तू, तीन किमती, पण चिठ्ठी एकच!

'अरोमाथेरपी' हा शब्द कोठून आला?

सुवासाने उपचार करण्याची कल्पना जुनी आहे. परंतु 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला तो रने-मोरिस गाटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. लिऑन भागात त्याच्या कुटुंबाचा सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय होता. १९१० साली प्रयोगशाळेत स्फोट होऊन तो भाजला. जखमा चिघळल्या, तेव्हा त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले आणि त्याचा गुण आला, असे त्याने पुढे लिहिले. १९३७ साली या विषयावरील त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

या घटनेची पुढे दंतकथा झाली. भाजलेला हात त्याने चुकून लॅव्हेंडरच्या तेलाच्या भांड्यात बुडविला आणि क्षणात वेदना थांबल्या, असे आजही सांगितले जाते. मूळ हकीकत तशी नाही. त्याने तेल जाणूनबुजून वापरले आणि तेही जखम सडू लागल्यावर. शिवाय तो जखमेवर तेल लावीत होता. झोप येण्यासाठी मेणबत्ती जाळीत नव्हता. एका गोष्टीचा पुरावा दुसऱ्या गोष्टीच्या जाहिरातीला कसा जोडला जातो, याचा हा नमुना आहे.

शास्त्र काय सांगते?

लॅव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे दोन घटक प्रमुख असतात. यांपैकी लिनालूलवर जपानमधील कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले व ते २०१८ साली प्रसिद्ध केले. लिनालूलचा वास घेतलेले उंदीर कमी घाबरट वागले आणि त्यांच्या हालचाली मात्र मंदावल्या नाहीत. ज्या उंदरांची घ्राणशक्ती नष्ट केली होती त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. याचा अर्थ, परिणाम होतो तो नाकावाटे, वासाच्या जाणिवेतून. चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या मेंदूत ज्या ठिकाणी काम करतात ते ठिकाण दुसऱ्या औषधाने बंद केले, तेव्हाही वासाचा परिणाम नाहीसा झाला. प्रयोग चोख आहे. परंतु उंदीर तो उंदीर. त्याला घरभाडे भरावे लागत नाही, मुलीच्या परीक्षेची काळजी नसते.

माणसांवर झालेल्या प्रयोगांचे काय? युरोपीय औषध संस्थेने २०१२ साली लॅव्हेंडरच्या तेलाला मनावरील सौम्य ताण व झोपेच्या तक्रारींसाठी पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. पण 'पारंपरिक' हा शब्द येथे महत्त्वाचा. दीर्घकाळच्या वापराचा आधार आहे, कठोर चाचण्यांचा पुरेसा आधार नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि ही मान्यता पोटात घेण्याच्या किंवा आंघोळीच्या पाण्यात घालण्याच्या ठरावीक मात्रेच्या तेलाला आहे, मेणबत्तीला नाही. (म्हणून कोणी आपल्या मनाने बाटलीतले तेल पोटात घेऊ नये. ती मात्रा डॉक्टरांचे काम आहे.)

नुसता वास घेण्याचे प्रयोगही पुष्कळ झाले. त्यांतून काही लोकांना बरे वाटते, झोप थोडी सुधारते, असे दिसते. परंतु बहुतेक प्रयोग लहान आहेत. त्यात आणखी एक मुळातली अडचण आहे. साखरेची गोळी औषध म्हणून देता येते, रोग्याला कळत नाही. वासाच्या बाबतीत हे कसे करणार? ज्याला लॅव्हेंडरचा वास आला त्याला तो आला हे कळतेच. मग गुण फुलाचा की 'आता आपल्याला बरे वाटणार' या अपेक्षेचा, हे निवडणे कठीण जाते.

वासाची आणखी एक गंमत आहे. घ्राणेंद्रियाचा मेंदूतील भावना व आठवणींच्या भागांशी फार जवळचा संबंध असतो. म्हणूनच पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास आला की गाव आठवते आणि इस्पितळातील फिनेलचा वास आला की छातीत धस्स होते. ज्या वासाशी आपल्या सुखाच्या आठवणी जोडलेल्या असतात तो वास आपल्याला शांत करतो. फ्रान्समधील आजीबाईला लॅव्हेंडर तिच्या आईच्या कपाटाची आठवण देत असेल. आपल्या भगिनींना कदाचित मोगरा, सोनचाफा किंवा माठातल्या वाळ्याचा वास अधिक शांत करील. आणि ज्यांना लिनालूलच हवे असेल, त्यांनी स्वयंपाकघरातील डबा उघडावा. धन्याच्या तेलातही मुख्य घटक लिनालूलच आहे! भरडलेल्या धन्यांचा वास आपल्याला आवडतो, त्यात त्याचा वाटा आहे.

तात्पर्य, लॅव्हेंडरच्या वासाने मन थोडे निवळणे शक्य आहे. तो उपचार नाही, आणि ती थापही नाही. जाहिरातीतला दावा आणि ही वस्तुस्थिती यांत जे अंतर आहे त्याचेच पैसे आपण बहुधा मोजतो.

पेल्यात खरे तेल किती?

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेव्हा थोडा हिशेब करू. सुवासिक मेणबत्तीत मेणाच्या साधारणपणे ५ ते १० टक्के सुवास घालतात. १०० ग्रॅमच्या मेणबत्तीत ६ टक्के धरला तर ६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ७ मिलिलिटर तेल लागेल. जम्मूच्या शेतकऱ्यांच्या तेलाला लिटरमागे सुमारे १०,००० रुपये मिळतात असे सरकारी निवेदनांत सांगितले गेले आहे. म्हणजे मिलिलिटरला १० रुपये. ७ मिलिलिटरचे झाले ७० रुपये. हा शेतकऱ्याचा भाव. त्यात दलाल, वाहतूक, मेण, वात, पेला, खोके, दुकानदाराचा नफा मिळवा. मग जी मेणबत्ती ६० किंवा ८० रुपयांना मिळते तिच्यात अस्सल लॅव्हेंडरचे तेल कोठून येणार? तिच्यात कारखान्यातला सुवास असतो, इतके साधे गणित आहे.

कारखान्यातला सुवास म्हणजे विष, असे आम्ही म्हणत नाही. तसेच 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असेही नाही. अस्सल लॅव्हेंडरच्या तेलातील लिनालूलचा हवेशी संयोग झाला की त्यापासून बनणाऱ्या पदार्थांमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. आमचा मुद्दा एवढाच, की आपण कशाचे पैसे देतो हे आपल्याला ठाऊक असावे. 'नैसर्गिक तेल' या नावावर जास्त किंमत मागितली, तर कोणते तेल व किती टक्के, हे दुकानदाराला खुशाल विचारावे. विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात संकोच कसला?

ज्योत कशी जळते?

मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाचे नाव विजेच्या संदर्भात सर्वांना माहीत आहे. तो लोहाराचा मुलगा. शाळेचे शिक्षण अगदी जेमतेम. पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करताना हाताखालून जाणारी पुस्तके वाचून तो शिकला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ च्या नाताळात लहान मुलांसाठी व्याख्याने दिली. विषय होता साधी मेणबत्ती. एका मेणबत्तीवरून त्याने मुलांना हवा, पाणी, ज्वलन आणि श्वासोच्छ्वास समजावून दिला. आपल्या मुलांनाही ही गोष्ट जरूर सांगावी.

मेणबत्तीत जळते ते घट्ट मेण नव्हे. ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळते, वितळलेले मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. खात्री हवी असेल तर मोठ्या माणसाने मेणबत्ती विझवून लगेच वर येणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेला पेटती काडी लावून पाहावी. वातीला काडी न लावताच ज्योत खाली उडी घेते. सुवासाचे म्हणाल तर तो मुख्यतः ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या थारोळ्यातून हवेत मिसळतो. म्हणून सुवास दरवळायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि मेणबत्ती विझविल्यावरही तो काही काळ टिकतो.

हे समजले की वापराचे नियम आपोआप समजतात. वात फार लांब असेल तर वाफ जास्त होते, सगळी जळत नाही आणि काजळी धरते. म्हणून दर वेळी लावण्यापूर्वी वात पाव इंच ठेवून कापावी. रुंद पेल्यातील मेणबत्ती अल्पकाळ लावून विझविली, तर मधोमध खड्डा पडतो आणि कडेचे मेण वाया जाते. रोज अर्धा तासच लावायची असेल, तर अरुंद पेला किंवा पत्र्याच्या वाटीतली लहान 'टी-लाइट' घेणे फायद्याचे. मेण तळाशी अर्धा इंच उरले की लावणे थांबवावे, नाहीतर काच तडकते. आणि वातीत धातूची तार दिसली तर ती कशाची आहे याची चौकशी करावी. शिशाची तार असलेल्या वातींवर अमेरिकेने २००३ साली बंदी घातली, कारण जळताना शिसे हवेत मिसळते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.

घर लहान असेल तर

जाहिरातीतील मेणबत्ती नेहमी मोठ्या न्हाणीघराच्या कडेला किंवा पलंगाशेजारच्या मेजावर जळताना दाखवितात. आपल्यापैकी अनेकांचे घर एका किंवा दोन खोल्यांचे. त्याच खोलीत ओटा, गॅसची टाकी, मुलांचा अभ्यास आणि रात्रीचे अंथरूण. तेथे उघडी ज्योत लावायची तर काही पथ्ये पाळलीच पाहिजेत.

गॅसच्या टाकीजवळ, पडद्याखाली, पुस्तकांच्या फळीवर किंवा पंख्याच्या झोतात मेणबत्ती ठेवू नये. स्टीलच्या ताटलीत थोडे पाणी घालून त्यात पेला ठेवावा. साडीचा पदर व ओढणी सांभाळावी. रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ती कदापि नको. आणि सर्वांत महत्त्वाचे, 'झोप आणणारी' असे लिहिले असले तरी मेणबत्ती जळत ठेवून झोपू नये. झोपण्यापूर्वी ती विझली आहे हे डोळ्यांनी पाहावे.

दुसरी गोष्ट हवेची. कोणतीही मेणबत्ती, मग ती पॅराफिनची असो, सोयाबीनच्या मेणाची असो की मधमाश्यांच्या मेणाची, जळताना सूक्ष्म कण हवेत सोडते. त्याच खोलीत अगरबत्ती आणि डास पळविणारी कॉइलही जळत असेल, तर दारे-खिडक्या लावून आपण ताण घालवीत नाही, धूर कोंडून घेतो. खिडकीची एक फट उघडी हवी. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वासाने डोके दुखणारी व्यक्ती असेल, तर सुवासिक मेणबत्ती लावूच नये. वाळलेल्या फुलांची पुरचुंडी उशाशी ठेवली, रुमालावर दोन थेंब टाकले किंवा ओंजळभर मोगरा वाटीत ठेवला, तरी वासाचे काम होते. त्यासाठी ज्योतीची गरज नाही.

मेणबत्तीचा खरा गुण

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या परिचयातील एक भगिनी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांच्या मुलीने त्यांना लॅव्हेंडरच्या टी-लाइटचा डबा आणून दिला. काही आठवड्यांनी आम्ही विचारले, "ताई, गुण आला काय?" त्या हसून म्हणाल्या, "वासाचं मला माहीत नाही, दादा. पण ती पेटलेली असेपर्यंत मला कोणी हाक मारायची नाही, असं लेकीनं घरात ठरवून टाकलंय. तेवढा वेळ मी पाय वर करून बसते."

या उत्तरात आम्हास अनेक जाहिरातींपेक्षा अधिक तथ्य वाटते. घड्याळे दुर्मिळ होती त्या काळी युरोपात मेणबत्तीवर खुणा करून तास मोजीत. आमच्या ताईंनीही मेणबत्तीचे घड्याळच केले. जळते आहे तोपर्यंत हा वेळ आईचा. कुकरची शिट्टी मुलाने मोजायची, दूधवाल्याला बापाने पाहायचे, हरवलेला मोजा ज्याचा त्याने शोधायचा. ताण घालविला तो लिनालूलने किती आणि या व्यवस्थेने किती, हे सांगता येणार नाही. परंतु व्यवस्था नसती तर नुसत्या वासाने काय झाले असते, याची कल्पना प्रत्येक गृहिणीला आहे. भाकरी थापताना शेजारी लॅव्हेंडर जळत असले म्हणून पाठीचा काटा मोडायचा थांबत नाही.

बायकांना वेळ का मिळत नाही, याचे आकडेही उपलब्ध आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ साली तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा स्त्रियांची २८९ मिनिटे भरली आणि पुरुषांची ८८. वाचकांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून पाहावेत. पाच वर्षांत बाईचा भार १० मिनिटांनी हलका झाला, पण पुरुषाने तो उचलल्यामुळे नव्हे. पुरुषांची मिनिटेही ९ ने कमीच झाली. यांत मुले-नातवंडे व आजारी माणसे सांभाळण्याचा वेळ धरलेलाच नाही, तो निराळा.

म्हणून आमचे बांधवांना स्पष्ट सांगणे आहे. पत्नीच्या वाढदिवसाला सुवासिक मेणबत्ती भेट देणे चांगले आहे. परंतु ती पेटल्यावर पुढचा अर्धा तास भांडी कोणी घासायची हे ठरविल्याशिवाय दिलेली भेट अर्धीच राहते. समतेवर सभेत भाषण करणे सोपे आहे. तिची खरी परीक्षा रात्री नऊ वाजता मोरीपाशी होते.

हा अर्धा तास कसा घालवावा? मोबाइल दूर ठेवावा. ट्यूबलाइट बंद करावी, कारण मंद उजेडाने शरीराला रात्र झाल्याची खूण मिळते. पाठ टेकून बसावे, खांदे सैल सोडावेत, श्वास आत येतो व बाहेर जातो तिकडे लक्ष द्यावे. शिबिरात आनापान शिकलेल्यांना हे नव्याने सांगणे नको. ज्यांना ते जमत नाही त्यांनी नुसते बसावे, गाणे ऐकावे, काहीही करू नये. काही न करण्याचाही माणसाला अधिकार आहे आणि घरातल्या बाईला तो सर्वांत शेवटी मिळतो.

बचत गटांच्या भगिनींसाठी

अनेक ठिकाणी बचत गटांनी सुवासिक मेणबत्त्या बनविण्याचे काम हाती घेतले आहे. धंदा चांगला आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली सुरक्षितता. मेण कधीही थेट आचेवर वितळवू नये. मोठ्या भांड्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचे भांडे ठेवावे. सुवास मेण आचेवरून उतरविल्यावर घालावा व मोजून घालावा. मेणाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी मुळीच टाकू नये. पाण्याने जळते मेण भडकून उडते. झाकण घालून हवा तोडावी व आच बंद करावी.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. कारखान्यातला सुवास वापरला असेल तर 'लॅव्हेंडरचा सुवास' असे लिहावे, 'शुद्ध लॅव्हेंडर तेल' असे लिहू नये. 'रोग बरा करते' असे तर कधीच लिहू नये. वजन, मेणाचा प्रकार आणि 'जळती ठेवून झोपू नये' ही सूचना ठळक छापावी. आपल्या गटाचे नाव एकदा खरेपणासाठी ओळखले जाऊ लागले, की गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी शोधत येते.

मेणबत्तीने न भागणारे दुखणे

शेवटी एक गंभीर सूचना. दिवसभराच्या थकव्यावर अर्ध्या तासाची विश्रांती पुरते. पण आठवड्यातील तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर तो निद्रानाशाचा विकार समजला जातो व त्यावर उपचार आहेत. सतत उदास वाटणे, जीव नकोसा होणे, कारण नसताना छाती धडधडणे, या तक्रारींना मेणबत्ती, तेल किंवा गंडादोरा यांपैकी काहीच उपयोगी नाही. डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतूनही बोलता येते. मनाचे दुखणे सांगायला लाज वाटण्याचे कारण नाही. ताप आल्यावर आपण लाजतो काय? आणि घरातच मारहाण होत असेल, तर तो 'ताण' नसून गुन्हा आहे. तेथे सुवासाची नव्हे, कायद्याची व शेजाऱ्यांच्या पाठबळाची गरज असते.

तेव्हा भगिनींनो, लॅव्हेंडरची मेणबत्ती परवडत असेल आणि वास आवडत असेल तर जरूर घ्यावी. नसेल तर साधी मेणबत्ती किंवा वाटीतली चार फुले पुरेत. तीही नसली तरी हरकत नाही. परंतु येत्या रविवारी सर्वजण जेवायला बसलेले असताना आपला अर्धा तास कोणता, हे घरात मोठ्याने सांगून टाकावे आणि त्या वेळेतली कामे कोणाच्या वाट्याला, तेही तेथेच ठरवावे. मुलग्यांनाही वाटणीत घ्यावे. त्यांना आज जे काम शिकवाल, त्याने उद्या दुसऱ्या एखाद्या घरातल्या मुलीचा अर्धा तास वाचेल.